बांधकामाच्या क्षेत्रात जायचंय? नागपूरच्या मुलामुलींसाठी शिक्षणाच्या वाटा

दहावीचा निकाल लागला की घराघरांत तेच दोन प्रश्न येतात. सिव्हिलला स्कोप आहे का? आणि आयटीआय करायचं की पॉलिटेक्निक? पहिल्याचं उत्तर शहरातून एक चक्कर मारली तरी मिळतं. बेसा-बेलतरोडीपासून वाठोड्यापर्यंत सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठीचे साचे आणि टेकू, उभी आहे. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. सुमारे ४४ किलोमीटरच्या या टप्प्यात मेट्रो कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्टनगरकडे वाढते आहे. कामाची वाण नाही. वाण आहे ती काम येणाऱ्या माणसांची.

दुसरा प्रश्न मात्र थोडा वेगळा विचारायला हवा. पाच वर्षांनी साइटवर तुम्हाला कोणतं काम करायचंय, आणि आज घेतलेल्या प्रवेशातून त्याच्या वरच्या पायरीवर जाता येतं का? बांधकामात आयटीआयवरून डिप्लोमाला, डिप्लोमावरून डिग्रीला जाण्याची सोय आहे. पण ती प्रत्येक ट्रेडला, म्हणजे आयटीआयच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला, आणि प्रत्येक क्रमाने मिळत नाही. बरीच मुलं इथेच अडकतात आणि दोन वर्षांनी कळतं की एक वर्ष उगाच गेलं.

आधी काम ओळखा

साइटवरचं काम ढोबळमानाने चार प्रकारचं असतं. पहिलं हाताचं: मिस्त्री, सेंट्रिंगचे कारपेंटर, लोखंड बांधणारे फिटर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर. दुसरं मोजमापाचं आणि नकाशाचं: सर्व्हेअर, ड्राफ्ट्समन, मालाचा आणि बिलाचा हिशोब ठेवणारा. तिसरं देखरेखीचं: सुपरवायझर, साइट इंजिनिअर, सेफ्टी आणि क्वालिटी बघणारे. चौथं आखणीचं: स्ट्रक्चरल डिझाइन, आर्किटेक्चर, प्लॅनिंग.

पहिल्यासाठी आयटीआय किंवा लहान कौशल्य कोर्स, दुसऱ्यासाठी आयटीआय किंवा डिप्लोमा, तिसऱ्यासाठी डिप्लोमा किंवा डिग्री, चौथ्यासाठी डिग्रीच लागते. फॉर्म भरण्याआधी एखाद्या चालू साइटवर ओळखीने दोन दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा थांबून बघा. उन्हात उभं राहणं, मचाणावर चढणं, माणसांशी बोलून काम काढून घेणं, यातलं काय जमतं आणि काय नकोसं होतं ते तिथे कळतं. उंचीची भीती वाटत असेल तर ती काही कमतरता नाही. मोजमाप आणि नकाशाच्या कामात चांगली माणसं नेहमीच कमी पडतात.

आयटीआय: ट्रेड निवडताना वर्षं मोजा

शासकीय आयटीआय श्रद्धानंद पेठेत, दीक्षाभूमीजवळ आहे. जिल्ह्यात तालुक्यांच्या ठिकाणीही शासकीय आयटीआय आहेत आणि मुलींसाठी वेगळी संस्थाही आहे. प्रत्येक संस्थेत सगळे ट्रेड नसतात, म्हणून प्रवेश पोर्टलवर आधी ट्रेड निवडा, मग ते कुठे आहेत ते शोधा.

बांधकामाशी थेट संबंध असलेले ट्रेड असे. मेसन, म्हणजे गवंडीकामाचा, एक वर्षाचा. कारपेंटर आणि वेल्डर एकेक वर्षाचे. या तिन्हींना आठवी पासवरही घेतात. प्लंबरही एका वर्षाचा. ड्राफ्ट्समन सिव्हिल आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, त्यांना दहावी पास लागते. सर्व्हेअरलाही दहावीच लागते.

आता यातली मेख. आयटीआय झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं असेल, तर आधी दहावी पास आणि त्यानंतर दोन वर्षांचा ट्रेड, असा क्रम लागतो. एक वर्षाचा मेसन केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षापासूनच बसावं लागतं. म्हणून पुढे शिकायचं थोडंसं जरी मनात असेल तर ड्राफ्ट्समन सिव्हिल हा आमच्या मते सगळ्यात शहाणा ट्रेड आहे. नकाशा वाचणं, काढणं, मापं काढणं, ऑटोकॅड हे सगळं त्यात येतं. पुढे डिप्लोमाही खुला राहतो आणि शासकीय खात्यांतल्या आरेखक, अनुरेखक अशा पदांच्या जाहिरातीही याच पात्रतेवर निघतात. अनुभव झाला की महापालिकेकडे सुपरवायझर म्हणून नोंदणीचा मार्गही ड्राफ्ट्समनला आहे.

ज्याला हातानेच काम करायचंय आणि लवकर कमवायचंय, त्याच्यासाठी मेसन किंवा प्लंबरचं एक वर्ष मुळीच वाया नाही. चांगला टाइल मिस्त्री किंवा प्लंबर आज नवख्या साइट इंजिनिअरपेक्षा कमी कमवत नाही. फक्त पुढचा दरवाजा कुठला बंद होतो, ते माहीत असून निवड करा.

इलेक्ट्रिशियन झालेल्यांनी राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा वायरमन परवाना वेळेत काढावा. आयटीआयचं प्रमाणपत्र वेगळं आणि परवाना वेगळा. परवान्याशिवाय वायरिंगचं काम स्वतःच्या नावावर घेता येत नाही, आणि हे बहुतेकांना पहिलं काम हातात आल्यावरच कळतं.

आयटीआयच्या परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिकात पास व्हायला ६० टक्के गुण. सकाळी मजुरी आणि दुपारी आयटीआय असं करणारी मुलं हजेरीतच मागे पडतात. घरची गरज असेल तर ती पहिल्याच महिन्यात निदेशकांना (आयटीआयच्या शिक्षकांना) सांगा, परीक्षेचा फॉर्म अडकल्यावर नको.

डिप्लोमा: तीन वर्षं, आणि त्याआधीचे कागद

सिव्हिल डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा, सहा सेमिस्टरचा. किमान ३५ टक्क्यांवर पात्रता आहे, पण शासकीय पॉलिटेक्निकला त्यावर जागा मिळेल असं धरून चालू नका. नागपूरचं शासकीय पॉलिटेक्निक सदरमध्ये, मंगळवारी बाजाराजवळ. खासगी पॉलिटेक्निकही बरीच आहेत. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, दहावीच्या टक्क्यांच्या गुणवत्तेवर होतात.

प्रक्रियेचा क्रम असा: ऑनलाइन नोंदणी, कागद अपलोड, त्यांची तपासणी (घरबसल्या ई-स्क्रुटिनी किंवा सुविधा केंद्रात जाऊन), तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग पर्याय भरणं आणि फेऱ्या. नवख्यांची चूक बहुतेक दोन ठिकाणी होते.

एक, तात्पुरती यादी लागल्यावर ती नीट बघतच नाहीत. नाव, प्रवर्ग, गुण, लिंग, उत्पन्नाची नोंद यातलं काही चुकलं असेल तर ते याच मुदतीत दुरुस्त होतं. अंतिम यादी लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

दोन, पर्याय भरताना 'मिळेल ते' कॉलेज वर टाकतात. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो पक्का होतो आणि पुढच्या फेरीत बदल करता येत नाही. म्हणून पहिल्या जागी तेच लिहा जिथे खरंच जायचंय, मग ते मिळणं अवघड वाटलं तरी. खासगी कॉलेज पर्यायात टाकण्याआधी त्याला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि राज्य तंत्रशिक्षण मंडळाची संलग्नता आहे का, ते बघा. दोन्ही गोष्टी त्या-त्या संकेतस्थळावर संस्थेच्या कोडने सापडतात. आणि एकदा स्वतः जाऊन मटेरियल टेस्टिंग लॅब उघडून दाखवायला सांगा. क्यूब, म्हणजे काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, दाबायची मशीन आहे का, ती चालू आहे का, सर्व्हेची उपकरणं किती आणि मुलं किती, हे विचारा. संकोच नको, पैसे तुमचे जाणार आहेत.

कागद मे महिन्यातच जमवायला घ्या: दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर (चालू वर्षाच्या मार्चनंतरही वैध असलेलं) किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र. निकालानंतर सेतू केंद्रांवर गर्दी उसळते आणि दाखला आठवडाभर लांबतो. फेरीची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं, आधार जोडलेलं बँक खातंही आताच उघडा. शिष्यवृत्ती तिथेच येते. डिग्रीला जायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज डिप्लोमा चालू असतानाच टाकून द्या, ते निघायला महिने लागतात.

बारावी विज्ञान झालेल्यांनाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेत, कमी गुण पडले म्हणून वर्ष रिकामं घालवण्यापेक्षा ही वाट कितीतरी बरी.

डिग्री

डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. म्हणजे दहावीपासून मोजलं तर डिप्लोमाची तीन आणि डिग्रीची तीन. बारावीमार्गे गेलं तरी दोन अधिक चार, बेरीज सहाच. वेळ सारखाच लागतो, फक्त डिप्लोमावाल्याला साइट आधी दिसते. उलट बाजूही सांगायला हवी: डिप्लोमातून आलेल्यांना डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाचं गणित आणि मेकॅनिक्स जड जातं. डिप्लोमा संपल्यावरच्या सुट्टीत बारावीचं कलन आणि सदिश करून गेलं तर पहिलं सेमिस्टर निभावतं.

बारावीमार्गे जाणाऱ्यांसाठी राज्याच्या कॉलेजांना एमएचटी-सीईटी आणि व्हीएनआयटीला जेईई मेन लागते. १९६० साली सुरू झालेलं विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणजेच आजची दक्षिण अंबाझरी रोडवरची व्हीएनआयटी. तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी करणाऱ्यांसाठी असतात, हे विदर्भातल्या मुलांनी लक्षात ठेवावं. आर्किटेक्चर वेगळं क्षेत्र आहे: पाच वर्षं, स्वतंत्र प्रवेश परीक्षा, आणि शेवटी आर्किटेक्चर परिषदेकडे नोंदणी.

पत्राद्वारे इंजिनिअरिंगची पदवी देतो असं कुणी सांगितलं तर लांबूनच नमस्कार करा. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक शिक्षण पत्राद्वारे देता येणार नाही असा निकाल दिला आहे. 'सहा महिन्यांत सिव्हिल सुपरवायझर डिप्लोमा' वगैरे फलकांचंही तसंच. तिथे कदाचित काही शिकवतही असतील, पण सरकारी जाहिरातीत तो कागद चालत नाही.

लहान कोर्स आणि आधीच काम करणाऱ्यांसाठी

शाळा सुटलेल्या आणि ठिय्यावर (मजूर अड्ड्यावर) उभं राहणाऱ्या तरुणांसाठी केंद्राच्या कौशल्य विकास योजनेतून सहायक मिस्त्री, फिटर, शटरिंग कारपेंटर, मचाण बांधणारा असे काही महिन्यांचे कोर्स असतात. काम आधीच येतं पण कागद नाही, अशांना 'पूर्व-कौशल्याची मान्यता' या सोयीतून परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळतं. मोठ्या कंपन्यांच्या साइटवर गेटपास काढताना ते कामी येतं. लार्सन अँड टुब्रोची पनवेलला बांधकाम प्रशिक्षण संस्था आहे, घर सोडून राहायची तयारी असेल तर तिची चौकशी जरूर करा. नागपुरात चालू असलेले कोर्स कोणते, ते जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात विचारा. केंद्र गाठल्यावर यंत्र आणि साहित्य दिसलं नाही, नुसत्या खुर्च्या दिसल्या, तर परत फिरा.

पैसा

वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर बहुतेकांना काही ना काही सवलत बसते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, प्रवर्गनिहाय शिष्यवृत्त्या, प्रवेशाच्या वेळीच मागायची शिक्षण शुल्क माफीची जागा, हे सगळे पर्याय वेगवेगळे आहेत आणि बहुतेक अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर होतात. शुल्क माफीची जागा प्रवेश अर्जातच टिक करावी लागते, नंतर मागून मिळत नाही. मुलींसाठी राज्याने २०२४ पासून केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशांना शुल्कमाफी वाढवली आहे. तुमच्या अभ्यासक्रमाला ती कशी लागू होते, ते प्रवेशावेळीच कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात लेखी विचारा. शिवाय केंद्राची प्रगती शिष्यवृत्ती आहे: डिप्लोमा किंवा डिग्रीच्या मुलीला वर्षाला ५०,००० रुपये, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत.

एक गोष्ट मात्र ज्यांची हक्काची आहे तीच घरं सर्रास सोडून देतात. आई किंवा वडील बांधकाम मजूर असतील आणि महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्यांची नोंदणी असेल, तर पहिल्या दोन मुलांना अकरावी-बारावीला वर्षाला १०,०००, शासनमान्य डिप्लोमाला २०,००० आणि इंजिनिअरिंगच्या डिग्रीला ६०,००० रुपये मिळतात. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. फी नाममात्र आहे. ठिय्यावर फिरणारे एजंट यासाठी हजारो रुपये मागतात, एक पैसा देऊ नका. अर्ज बहुतेक दोन कारणांनी परत येतात: नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलेलं असतं, नाहीतर आधार, बँक पासबुक आणि गुणपत्रिकेवरच्या नावात फरक असतो. 'रामचंद्र'चं 'रामचंद' झालेलं असलं तरी अर्ज अडतो. दहावीच्या वर्षीच घरातले सगळे कागद एकदा एकापुढे एक ठेवून नावं जुळवा.

साइटवर पहिल्या दिवशी काय यायला हवं

कॉलेज कोणतंही असो, ठेकेदार किंवा सिनिअर इंजिनिअर नवख्याला पहिल्याच आठवड्यात दोन-चार प्रश्न विचारतो. उत्तर आलं तर तुमच्या हातात टेप देतो, नाही आलं तर सिमेंटच्या गोण्या मोजायला बसवतो.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. सिमेंटची गोणी ५० किलोची. एम-२० दर्जाचं काँक्रीट सिमेंट, रेती, गिट्टी एकास दीड, तीन या प्रमाणात केलं तर एका घनमीटरला साधारण ८ गोण्या सिमेंट, ०.४२ घनमीटर रेती, ०.८४ घनमीटर गिट्टी. म्हणजे १० बाय ८ मीटरचा, १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब १० घनमीटरचा: ८० गोण्या, दीड ब्रास रेती, तीन ब्रास गिट्टी. हे डोक्यात चटकन यायला हवं. गाडी उतरताना रेती कमी वाटते की नाही, ते यावरूनच समजतं.

सळईचं वजन: व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलो प्रति मीटर. ८ मिलिमीटरची ०.३९५, १० ची ०.६१७, १२ ची ०.८९, १६ ची १.५८.

आता एक रिंग, म्हणजे बीमच्या लांब सळयांना वेढणारी सळई, शेवटपर्यंत काढून बघू. बीम २३० बाय ४५० मिलिमीटर, कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) २५, रिंग ८ मिलिमीटरची. दोन्ही बाजूंचं कव्हर वजा केलं की रिंगची बाहेरची मापं १८० आणि ४००. चारही बाजूंची बेरीज ११६०. दोन हुक, प्रत्येकी व्यासाच्या दहापट, म्हणजे ८० आणि ८०. बेरीज १३२०. सळई वाकवताना ती थोडी लांबते, ते वजा करायचं: ९० अंशांची तीन वळणं, प्रत्येकी व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ४८. १३५ अंशांचे दोन हुक, प्रत्येकी व्यासाच्या तिप्पट, तेही ४८. कापायची लांबी १२२४ मिलिमीटर.

चार मीटर बीमला १५० अंतराने रिंगा: ४००० भागिले १५०, अधिक १, म्हणजे २८. १२ मीटरच्या एका सळईतून ९ रिंगा निघतात आणि जवळपास एक मीटरचा तुकडा उरतो. २८ रिंगांना चार सळया, रिंगांचं वजन सुमारे साडेतेरा किलो. तो मीटरभराचा तुकडा फेकू नका. खुर्च्या (वरची सळई उचलून धरणारे आधार) किंवा लहान खिडकीच्या लिंटलच्या रिंगा त्यातूनच निघतात. चांगला फिटर हे न सांगता करतो, आणि चांगल्या सुपरवायझरने ते बघून ओळखायला हवं.

चुकतं कुठे? वळणांची वजाबाकी विसरली की रिंग मोठी होते आणि एका बाजूला कव्हर खाते. काँक्रीट पडल्यावर सळई पृष्ठभागाजवळ येते आणि काही पावसाळ्यांत तिथूनच गंज फुटतो. दुसरं, घाईत फिटर हुक ९० अंशांवरच सोडतात. जोराचा हादरा बसला आणि कव्हर निघालं की असा हुक उघडतो आणि आतल्या लांब सळयांना धरून ठेवत नाही. म्हणून हुक आत वळलेला, १३५ अंशांचा आहे का, हे स्लॅबच्या आदल्या दिवशी हाताने चाचपून बघायचं. बिल करताना ते बघून काही उपयोग नाही.

काँक्रीटच्या दिवशी सगळ्यात मोठी भांडणं पाण्यावरून होतात. काम पुढे सरकत नाही म्हणून मजूर गाडीत पाइप सोडतात. पाणी-सिमेंट प्रमाण ०.५० असेल तर एका गोणीला २५ लिटरच पाणी, त्यातही ओल्या रेतीतलं पाणी वजा करायचं. जास्त पाणी म्हणजे पुढे पोकळी आणि कमी ताकद, हे मिस्त्रीलाही माहीत असतं. तरी त्याला सांगायला तुमच्याकडे स्लंप कोन (ओलं काँक्रीट किती पातळ आहे ते मोजायचा शंकू) आणि आकडा हवा. क्यूबचा हिशोबही पाठ असू द्या: १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने, प्रत्येक नमुन्याचे २८ दिवसांसाठी तीन क्यूब, म्हणजे नऊ. सात दिवसांच्या चाचणीसाठी वेगळे. क्यूबवर तारीख आणि ठिकाण लिहायला विसरलात तर चाचणीचा आकडा कुठल्या स्लॅबचा तेच कळत नाही.

नागपूरची माती आणि ऊन

पुस्तकात एका ओळीत येतात अशा दोन गोष्टी इथे रोजच्या कामाच्या आहेत. एक, काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया टेकवला तर भिंतींना तिरप्या भेगा जातात. खणताना मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत जायचं आणि किती खोलीवर लागला ते रोज लिहून ठेवायचं. काढलेली काळी मातीच परत जोत्यात भरू द्यायची नाही. तिथे मुरूम थराथराने पाणी मारून ठोकायचा. ठेकेदार इथेच पैसे वाचवतो, आणि दोन-तीन वर्षांत फरशी फुगून वर येते.

दुसरं, ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि काँक्रीट टाकताना त्याचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. म्हणून इथे स्लॅब पहाटे किंवा संध्याकाळी टाकतात, गिट्टीवर पाणी मारून ती थंड करतात, पाण्याच्या टाकीवर सावली धरतात. काँक्रीट पडल्यावर पहिल्या काही तासांत ओलं गोणपाट टाकलं नाही तर बारीक भेगा दिसू लागतात. उष्ण, कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि फ्लायॲशवाल्या सिमेंटला किमान १४ दिवस पाणी मारायचं. आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेमुळे फ्लायॲशचं सिमेंट आणि विटा सर्रास वापरतात, तेव्हा १४ हाच आकडा धरा. आणि स्वतःला जपा. दुपारी बारा ते चार छताचं काम टाळा, ओलं फडकं डोक्यावर ठेवा. कुणाचा घाम अचानक थांबला किंवा तो असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत आणा, पाणी मारत राहा आणि लगेच दवाखान्यात न्या.

शिकाऊ उमेदवारी आणि पुढचं

आयटीआय झालेल्यांसाठी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी पोर्टल, डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी वेगळी एक वर्षाची योजना. दोन्हींत विद्यावेतन मिळतं आणि शेवटी प्रमाणपत्र. मोठी सरकारी कामं आणि मोठे ठेकेदार इथूनच उमेदवार घेतात. लहान ठेकेदाराकडे पोर्टलशिवाय काम केलं तर अनुभव हातात येतो, कागद येत नाही. अशा वेळी दर सहा महिन्यांनी लेटरहेडवर अनुभवपत्र मागून घ्या. त्यात कामाचं नाव, ठिकाण, किती चौरस फूट, तुम्ही नेमकं काय बघितलं आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एवढं हवं. 'मेहनती मुलगा आहे' असल्या पत्राचा पुढे कुठेही उपयोग होत नाही.

सरकारी नोकरीकडे डोळा असेल तर पायऱ्या अशा: स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक हे पद दहावीनंतरच्या ठरावीक एक वर्षाच्या बांधकाम पर्यवेक्षक कोर्सवरही मिळतं, डिप्लोमावाल्यांनाही संधी असते. कनिष्ठ अभियंता डिप्लोमावर. केंद्राची कनिष्ठ अभियंता परीक्षा डिप्लोमा किंवा डिग्रीवर. एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा डिग्रीवर. तयारीसाठी दोन वर्षं साइट सोडून खोलीत बसणारी मुलं सीताबर्डीत पुष्कळ आहेत. आमचा सल्ला उलटा आहे: पहिलं वर्षभर साइट करा आणि अभ्यास सकाळी दोन तास. प्रश्नपत्रिकेतलं काँक्रीट, सर्व्हे, एस्टिमेट हे साइटवर हातून गेलेलं असलं की पाठ करावं लागत नाही, आणि निवड लांबली तरी अनुभवपत्र हातात असतं.

स्वतःचा ठेका घ्यायचा असेल तर डिप्लोमा किंवा डिग्री झाल्यावर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करता येते. लहान कामांतला एक वाटा या गटासाठी राखून ठेवलेला असतो. नोंदणी आज केली तरी पहिलं काम दोन वर्षांनी घ्या. तोवर दुसऱ्याच्या कामावर मोजमाप पुस्तिका स्वतः भरायला शिका. कारण बिल अडतं ते तिथेच: खोदकामाची खोली पाण्याने भरल्यावर मोजली, किंवा झाकल्या जाणाऱ्या कामाचं माप आणि फोटो घेतलाच नाही, तर मुरूम किती घातला हे नंतर कुणालाही सिद्ध करता येत नाही. काँक्रीट पडण्याआधी टेप दिसेल असा फोटो घ्यायचा, तारीख टाकायची आणि त्याच दिवशी पुस्तिकेत नोंद करून इंजिनिअरची सही घ्यायची.